जुन्या मल्टिमीटरची साक्ष तपासायची कशी?

हेदवीसारख्या समुद्रकाठच्या गावात नारळी-पोफळीच्या बागेचा पंप तापू लागला, की पहिला संशय विजेच्या दाबावर जातो. समजा, जुना डिजिटल मल्टिमीटर २१७ व्होल्ट दाखवतो. २३० व्होल्टमध्ये ६ टक्के घट नियमात बसते. म्हणजे पुरवठा निर्दोष. प्रत्यक्षात दाब २०६ असेल, तर मोटर जळते आणि दूषण मोटरलाच मिळते.

या खोट्या आकड्याचे मूळ मापनाच्या इतिहासात सापडते. मोजणे म्हणजे ताडून पाहणे. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेने व्होल्टसाठी क्लार्क सेल हे प्रमाण मानले. १९११ पासून तो मान वेस्टन सेलकडे गेला : २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट. या सेलमधून वीज ओढायची नसे. तो केवळ साक्षीला ठेवलेला. १९९० पासून ते काम जोसेफसन परिणामावर सोपवले गेले.

१९२३ च्या ॲव्होमीटरमध्ये काटा होता. डिजिटल मीटरमध्ये मात्र प्रमाण यंत्राच्या पोटातच असते. इंटरसिलची ७१०६ ही चिप १९७०च्या दशकातली. ती आलेल्या दाबाची १०० मिलिव्होल्टच्या अंतर्गत संदर्भाशी तुलना करते. ९ व्होल्टची बॅटरी फारच उतरली, की हा संदर्भही घसरतो आणि आकडा फुगतो. पट्टी आखूड झाली की कापड लांब भरते, तसेच. संदर्भ ५ टक्के घसरला, की २०६ चे २१७ होतात.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ बॅटरीपासून. आधी प्रोब काढून घ्यावेत, मग झाकण उघडावे. खाऱ्या, दमट हवेने बॅटरीच्या क्लिपवर हिरवट थर चढतो. तो घासून काढावा. फिरत्या स्विचचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावेत. तरीही सर्वच पल्ल्यांवर सारख्याच प्रमाणात चूक असेल, तर संशयित संदर्भ. एकाच पल्ल्यावर असेल, तर त्या पल्ल्याचा रोधक. केवळ विद्युतप्रवाह चुकत असेल, तर शंट.

आतला छोटा ट्रिमर स्क्रू सर्वांत शेवटी, तोही खात्रीच्या दुसऱ्या मीटरशी ताडूनच फिरवावा. अनेकांचा हात आधी तिथेच जातो, हे दुर्दैव! नवा पेन्सिल सेल प्रमाण म्हणून चालत नाही : वेष्टनावर १.५ छापलेले असले, तरी कोरा सेल १.६ च्या आसपास भरतो.