पटवर्धन, चिंतामणराव आप्पासाहेब

(मृ. १८५१). सांगली संस्थानचे संस्थापक आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वेदोक्त वादात ब्राह्मण पक्षाचे सर्वांत वजनदार पुढारी. विसाव्या शतकातील याच नावाचे सांगलीचे अधिपती ते वेगळे. गोविंद हरी पटवर्धन यांचे हे नातू. वडील पांडुरंगराव हैदर अलीच्या कैदेत वारले. बालवयातच मिरजेची जहागीर चिंतामणरावांकडे आली व कारभार चुलते गंगाधरराव पाहू लागले. पुढे उभयतांत बेबनाव होऊन १८०१ च्या सुमारास वाटणी झाली. मिरज चुलत्यांकडे राहिली व चिंतामणरावांनी कृष्णाकाठी सांगलीस ठाणे केले. तेथील गणेशदुर्ग व गणपतीचे मंदिर ही त्यांची बांधकामे. १८१९ मध्ये त्यांनी कंपनी सरकारशी तह केला. मात्र फौजेनिशी चाकरी करण्याऐवजी मुलूख तोडून देणे पसंत केले. हा मानी स्वभाव त्यांच्या धर्मविषयक धोरणातही दिसतो.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह यांचे राज्य उभे केले. भोसले क्षत्रिय असून त्यांचे संस्कार वेदमंत्रांनी व्हावेत, असा प्रतापसिंहांचा आग्रह होता. कलियुगात क्षत्रिय उरले नसून ब्राह्मण व शूद्र हे दोनच वर्ण आहेत, तेव्हा मराठे व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांना पुराणोक्त विधीच योग्य, ही चिंतामणरावांच्या पक्षाची भूमिका. १६७४ मध्ये गागाभट्टांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला असताही हा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला, यातच त्याचे मर्म आहे. राजसत्ता हातची गेल्यावर ब्राह्मण सरदारांपाशी धर्माधिकार तेवढा उरला होता. १८३० मध्ये साताऱ्यास शास्त्रार्थ होऊन प्रतापसिंहांच्या पक्षाने जय सांगितला. तथापि वैर शमले नाही. प्रतापसिंहांच्या विरोधकांतील बाळाजीपंत नातू हे कंपनीच्या विश्वासातील होते. १८३९ मध्ये कंपनीने राजद्रोहाच्या आरोपावरून प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले. त्याची कारणे कंपनीच्या धोरणात होती. केवळ वेदोक्तावर तो दोष ठेवणे अतिशयोक्तीचे ठरेल. वादाने छत्रपतींना स्वकीयांत एकाकी पाडले, हे मात्र खरे. १८४६ मध्ये कंपनीने चिंतामणरावांना सन्मानाची तलवार दिली. पुढील वर्षी प्रतापसिंह काशीस निवर्तले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले.

चिंतामणरावांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस सीतास्वयंवर हे नाटक केले व मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. सांगलीकरांच्या आठवणीत ते याच नात्याने राहिले. वेदोक्ताचा वारसा दुसरीकडे गेला. ज्यांनी ब्राह्मणी वर्चस्वावर टीका केली त्या जोतीराव फुले यांचे घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. सत्यशोधक चळवळीने पुढे याच मुलखात मूळ धरले. १८९९ नंतर कोल्हापुरास शाहू छत्रपतींपुढे तोच प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत आला.

भेदाची रेषा कोठे ओढावी, एवढ्यापुरताच हा वाद होता. ती पुसावी असे उभय पक्षांपैकी कोणी म्हटले नव्हते. रेषेपलीकडील अस्पृश्यांचा त्यात विचारही नव्हता. १९०० मध्ये साताऱ्याच्या राजवाड्यातील इंग्रजी शाळेत भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. प्रतापसिंहांच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या त्या शाळेच्या नगरीत शिकताना त्यांना वर्गात इतर मुलांपासून वेगळे बसावे लागे.