चूक शोधण्याची रीत

बी. ए. झाल्यावर काही वर्षे मी एका छापखान्यात प्रुफे तपासत होतो. मालकांचा एक नियम होता. लिहिणाऱ्याने आपली प्रुफे एकट्याने वाचायची नाहीत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. माझ्या पहिल्या कवितासंग्रहाच्या वेळी मात्र मी हा नियम मोडला. कविता माझ्याच, तोंडपाठ. दुसरा कशाला हवा? मी तीनदा वाचले. पुस्तक हातात आले, तेव्हा पहिल्याच कवितेत ‘अंगणातला दिवा’चा ‘अंगणातला दावा’ झाला होता. मी जुळाऱ्यावर चिडलो. मालक शांतपणे म्हणाले, ‘‘खिळा त्याने चुकीचा लावला, खरे आहे. पण तो तीनदा तुमच्या डोळ्यांखालून गेला कसा, ते आधी सांगा.’’

माझी मुलगी आता पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. ‘‘आज माझा कोड तपासायला आहे,’’ असे ती म्हणाली, की मला तो छापखाना आठवतो. कुतूहल म्हणून मी या तपासणीचा इतिहास वाचू लागलो आणि मालकांचाच प्रश्न मला तिथे पुन्हा भेटला.

हा इतिहास ऑक्टोबर १९६८ पासून सांगता येईल. जर्मनीतील गार्मिश या डोंगराळ गावी ‘नाटो’च्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले होते. संगणक वेगवान होत चालले होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले मोठे प्रोग्राम वेळेत पुरे होत नव्हते, खर्च आटोक्यात राहत नव्हता आणि चुका संपत नव्हत्या. परिषदेला मुद्दाम डिवचणारे नाव दिले होते, ‘सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग’. पूल बांधणाऱ्यांपाशी शास्त्र आणि शिस्त असते, तसे आपल्यापाशी काय आहे, असा त्या नावातला टोमणा होता.

काम रखडले की आणखी माणसे लावा, हा आपला सर्वांचा हमखास उपाय. ‘आयबीएम’मध्ये प्रचंड प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात सांगितले, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसे वाढवली तर ते आणखी रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपापसातली बोलणी वाढतात.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ‘आयबीएम’मधीलच मायकेल फॅगन यांनी तपासणीची एक रीत मांडली. प्रोग्राम यंत्रावर चालवून पाहण्याआधी साधारण चौघांनी एकत्र बसून तो वाचायचा. वाचणारा एक, लिहिणारा त्यात असतोच. बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही. बैठकीत चूक फक्त शोधायची, दुरुस्त करत बसायचे नाही. उर्दू शायरीत शागीर्द आपली गझल उस्तादाकडे ‘इस्लाह’साठी नेतो आणि उस्ताद शब्द बदलून देतो. फॅगन यांच्या रीतीत उस्ताद नाही. चूक दाखवणारे सोबती आहेत, दुरुस्ती ज्याची त्याने करायची. शिवाय त्यांनी बजावले होते, की या बैठकीत सापडलेल्या चुकांवरून कोणाच्याही कामाची प्रतवारी करू नये. एकदा का चुका मोजून माणसाला शिक्षा होऊ लागली, की माणसे चुका लपवू लागतात.

लपलेल्या चुकीची किंमत काय असते? ‘थेराक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. जुन्या यंत्रांत अपघात टाळण्यासाठी बसवलेली विद्युत-यांत्रिक कुलपे यात काढून टाकली होती. सुरक्षितता सॉफ्टवेअरवर सोपवली होती आणि ते सॉफ्टवेअर एकाच माणसाने लिहिले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना किरणांची भयंकर जास्त मात्रा मिळाली. त्यांतले काही दगावले. यंत्र चालवणारी व्यक्ती सरावलेली असली आणि तिने भराभर कळा दाबून दुरुस्ती केली, तरच एक चूक जागी होत असे. म्हणून ती सहज सापडतही नव्हती. रुग्ण भाजल्याचे सांगत होते आणि यंत्राकडून असे घडणे शक्यच नाही, असे उत्तर मिळत होते. पुढे चौकशी करणाऱ्या अभ्यासकांनी एका ओळीपाशी बोट थांबवले नाही. ही ओळ कोणी तपासली होती, तक्रारींचे काय झाले, कुलपे का काढली, असे प्रश्न त्यांनी विचारले.

नेमके याच सुमारास, १९८६ मध्ये, वॉट्स हम्फ्री ‘आयबीएम’मधून निवृत्त होऊन पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग संस्थेत आले. लहानपणी वाचनदोषामुळे हा माणूस पहिलीत नापास झाला होता. संरक्षण खात्याला प्रश्न पडला होता, की काम कोणाला द्यावे? हम्फ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थांसाठी पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर काम एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालते. तो गेला की सगळे कोसळते. मग नियोजन येते, मग सर्वांची मिळून लेखी रीत, मग मोजमाप. पाचव्या पायरीवर संस्था आपल्या चुकांवरून आपली रीतच सुधारत राहते. दुसऱ्यांना सांगण्याआधी हम्फ्री यांनी स्वतः साठहून अधिक छोटे प्रोग्राम लिहिले आणि लागलेला वेळ व झालेल्या चुका टिपून ठेवल्या. अनुभवी माणूसही हजार ओळींमागे शंभराच्या आसपास चुका करतो, असे पुढे नोंदींतून दिसले. चुका करणे ही नालायकी नव्हे, हे त्यामुळे आकड्यांत सिद्ध झाले.

या पायऱ्या भारताने मनावर घेतल्या. पुण्यात टाटा समूहाने फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने १९८१ मध्येच संशोधन केंद्र उभे केले होते. प्रोग्राममधील दोष यंत्रानेच शोधावेत, यावरही तिथे काम झाले. १९९३ मध्ये बंगळूरचे मोटोरोलाचे केंद्र पाचव्या पायरीवर पोहोचले आणि काही वर्षांतच या पायरीवर भारतीय कंपन्यांची गर्दी झाली. सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी गिऱ्हाइकाला आपली ओळख पटवायची, तर हा दाखला कामी येत होता.

पण दाखला म्हटला, की त्याचा धोकाही आला. कामापेक्षा कामाचे कागद वाढले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात सतरा जण जमले आणि त्यांनी सांगितले, की रीतीपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद मोलाचा. त्यांच्यातील काहींच्या पद्धतीत दोघे एकाच संगणकापुढे बसतात, एक लिहितो, दुसरा पाहतो. हे वाचले तेव्हा मी हसलो. प्रुफावर ठेवलेले ते बोट तिथे परत आले होते.

आता यंत्रेच प्रोग्राम लिहू लागली आहेत. त्यामुळे तपासणाऱ्याचे काम संपेल, असे काहींना वाटते. मला उलटे वाटते. लिहिणे जितके सोपे होईल, तितके वाचणारे डोळे जास्त लागतील. रस्ता खचला, औषध चुकले, निकालपत्रात घोळ झाला, की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘कोणी केले?’ एक माणूस सापडतो, त्याला शिक्षा होते आणि चूक तिथेच राहते, पुढच्या माणसाची वाट पाहत. आमच्या मालकांचा प्रश्न अधिक अवघड होता. ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेली कशी?

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी त्याच जुळाऱ्याला समोर बसवले. त्याने वाचले, मी बोट ठेवले. त्याला आणखी चार चुका सापडल्या. त्यांतल्या तीन माझ्या होत्या, मूळ हस्तलिखितातल्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)