गळ्यातील ग्रंथी आणि उपचारांच्या तीन वाटा

चुलीत सरपण जास्त झाले की जाळ भडकतो आणि भाकरी करपते. आपल्या गळ्यात, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. शास्त्रात तिला अवटु ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात तिचे नाव थायरॉइड. शरीराचा जाळ किती ठेवायचा, हे तिच्या स्रावावर ठरते. हा स्राव प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे माणूस पोटभर जेवूनही वाळत जातो. छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो, झोप उडते. कुणाचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. घरात एखाद्या बाईला असे झाले तर कुणी तिला घाबरट ठरवते, कुणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. वास्तविक हा रोग आहे, आणि त्याला एक नव्हे, तीन उपाय आहेत. ते कसे सापडले हे कळले, म्हणजे त्यांतून निवड कशी करावी हेही उमगते.

गळ्याची गाठ आपल्या लोकांना नवी नाही. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. पण गाठ, धडधड आणि डोळे यांची सांगड फार उशिरा घातली गेली. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली, तर जर्मनीतील कार्ल फॉन बासेडोव्ह यांनी १८४० साली या रोगाची लक्षणे मांडली. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक गलगंड म्हणजे अतिस्राव नव्हे. आहारात आयोडीन कमी पडल्यानेही गळा सुजतो; त्यासाठीच १९६२ साली आपल्या देशात आयोडीनयुक्त मिठाची मोहीम सुरू झाली.

पहिली वाट शस्त्राची. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे थिओडोर कोखर यांनी गलगंडाच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या. पूर्वी अशा शस्त्रक्रियेत पुष्कळ रोगी दगावत. कोखर यांच्या हातून ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. परंतु ज्यांची ग्रंथी समूळ काढली, त्यांतले अनेकजण पुढे सुजले, मंद झाले, मुलांची वाढ खुंटली. ही गोष्ट कोखर यांनी लपवली नाही. १८८३ साली स्वतःच जाहीर केली. जाळ भडकला म्हणून चूलच विझवली तर घर गारठते, हा धडा जगाला त्यातून मिळाला. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९२३ साली अमेरिकेत हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देऊन ग्रंथी शांत करण्याची रीत घातली, आणि अतिस्रावाच्या रोग्यांचा धोका खूप घटला.

दुसरी वाट गोळ्यांची. १९४३ साली एडविन ॲस्टवुड यांनी थायोयुरिया आणि थायोयुरासिल ही औषधे रोग्यांना देऊन दाखवले की ग्रंथी न कापताही तिचा स्राव आवरता येतो. पहिली औषधे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बाधत. मग अधिक बरी औषधे आली. आपल्याकडची कार्बिमाझोलची गोळी त्याच घराण्यातली.

तिसरी वाट अणूची. ग्रंथी आयोडीन ओढून घेते, मग किरणोत्सर्गी आयोडीन दिले तर ते नेमके तिथेच पोहोचेल, असा विचार बोस्टनच्या सॉल हर्ट्झ यांनी केला आणि १९४१ साली पहिल्या रोग्याला ते पाजले. पुढे वापरात स्थिरावलेल्या आयोडीन १३१ चा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. ते फार काळ साठवून ठेवता येत नाही, म्हणून अणुभट्टी देशात असली तर सोय होते.

इथे आपली गोष्ट सुरू होते. १९५६ साली औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. त्याच साली ४ ऑगस्टला तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी चालू झाली, १९६० साली सायरस, आणि १९६३ साली मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. त्या काळी औरंगाबादहून निघालेला रोगी मनमाडला गाडी बदलून मुंबईस जाई. औषध होते, पण वाट लांब होती.

आता निवड कशी करायची? गोळ्या साधारण बारा ते अठरा महिने घ्याव्या लागतात. ग्रंथी शाबूत राहते, हा त्यांचा गुण. पण ग्रेव्हजच्या रोगात गोळ्या थांबवल्यावर जवळपास निम्म्या रोग्यांत तो उलटतो. गोळ्या चालू असता ताप येऊन घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि रक्त तपासावे. किरणोत्सर्गी आयोडीन बहुधा एकाच मात्रेत काम करते, चिरफाड नाही. पण पुढे बहुतेकांचा स्राव कमी पडतो आणि रोज एक गोळी जन्मभर घ्यावी लागते. गरोदर अथवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ते देत नाहीत. डोळ्यांचा त्रास फार असेल तरीही विचार करावा लागतो. शस्त्रक्रियेने गुण लवकर येतो, मोठ्या गाठीला ती सोयीची. पण आवाजाची शीर आणि चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण राखणाऱ्या बारीक ग्रंथी जपणारा सराईत हात हवा. सारी ग्रंथी काढली तर इथेही रोजची गोळी आलीच.

तेव्हा डॉक्टरला मोकळेपणी विचारा. मूल हवे आहे का, वारंवार तपासणीला येणे झेपेल का, घरात तान्हे बाळ आहे का, हे आपणहून सांगा. उत्तम उपाय सर्वांना एकच नसतो. आणि शिक्षकांनो, वर्गातली एखादी मुलगी एकाएकी वाळू लागली, तिचा हात लिहिताना थरथरू लागला, तर तिला आळशी म्हणण्याआधी पालकांना बोलावून घ्या. रक्ताची एक साधी तपासणी पुष्कळ काही सांगून जाते.