पुरुषोत्तम करंडक स्पर्धा

महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध आंतरमहाविद्यालयीन मराठी एकांकिका स्पर्धा. पुण्याच्या ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या संस्थेने आपले कार्यकर्ते पुरुषोत्तम रामचंद्र वझे यांच्या स्मरणार्थ ती १९६३ मध्ये सुरू केली. नव्या रंगकर्मींची जडणघडण हे तिचे मुख्य कार्य असले, तरी महाविद्यालयांच्या समर्थकांमधील स्नेहपूर्ण चुरस हेही तिचे ठळक वैशिष्ट्य होय.

महाविद्यालयीन निष्ठेचे असे आविष्कार पाश्चात्त्य देशांत प्रामुख्याने क्रीडाक्षेत्रात आढळतात. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांमधील नौकाशर्यतीचा आरंभ १८२९ मध्ये झाला. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा प्रारंभ रट्गर्स व प्रिन्स्टन यांच्या १८६९ मधील सामन्यापासून मानतात. तेथे पुढे महाविद्यालयांचे समूह बनले आणि त्यांच्या चाहत्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांची स्पर्धा रुजली. भारतात विद्यापीठीय क्रिकेटमध्ये रोहिंटन बारिया करंडकाने १९३५ पासून असेच स्थान मिळविले. पुण्यात मात्र ही निष्ठा नाट्यगृहात विशेषत्वाने प्रकट झाली. ज्या भरत नाट्य मंदिरात ही स्पर्धा भरते, ते चालविणाऱ्या संस्थेचे मूळही १८९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्याच एका मंडळात आहे.

स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणतः ऑगस्टमध्ये होते. रोज काही एकांकिका सादर होतात व त्यांतून निवडक नऊ संघ अंतिम फेरीत जातात. लेखन, दिग्दर्शन व अभिनय या अंगांना येथे प्राधान्य असून नेपथ्य-प्रकाशाच्या झगमगाटाला गौण स्थान आहे. त्यामुळे साधनसंपन्न महाविद्यालयास केवळ पैशाच्या बळावर यश मिळत नाही. चुरशीतील स्नेह टिकण्यास ही समानता बऱ्याच अंशी कारणीभूत झाली असावी.

फर्ग्युसन, सर परशुरामभाऊ, बृहन्महाराष्ट्र वाणिज्य, गरवारे, अभियांत्रिकी व बै. जी. वैद्यकीय ही शहरातील जुनी महाविद्यालये एकमेकांपासून फार दूर नाहीत. फर्ग्युसन व बृहन्महाराष्ट्र वाणिज्य ही तर डेक्कन एज्युकेशन सोसायटी या एकाच संस्थेची; तरीही करंडकाच्या प्रसंगी ती परस्परांची प्रतिस्पर्धी असतात. ‘अरे, आव्वाज कुणाचा’ हा प्रश्न एकाने विचारावा आणि इतरांनी आपल्या महाविद्यालयाचे नाव गर्जून उत्तर द्यावे, ही या समर्थकांची सर्वपरिचित घोषणा होय. तीत आजी विद्यार्थ्यांबरोबर माजी विद्यार्थीही सामील होतात. प्रतिपक्षाच्या घोषणेवर मात करण्याची ईर्षा असते. पण त्याच्या चांगल्या प्रयोगाला टाळ्यांची दाद देणे हाही या प्रेक्षकवर्गाचा संकेत आहे.

या चुरशीचे फलित दीर्घकाल टिकणारे ठरले. एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले विद्यार्थी पुढे एकाच संस्थेत काम करू लागले. बै. जी. वैद्यकीय महाविद्यालयाचे जब्बार पटेल व मोहन आगाशे आणि फर्ग्युसनचे सतीश आळेकर ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ मध्ये एकत्र आले. विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरातच झाला. त्याचे दिग्दर्शन पटेल यांचे होते व आगाशे यांनी नाना फडणवीसांची भूमिका केली. या नाटकावरून मतभेद झाल्यावर या तरुण रंगकर्मींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ ही संस्था स्थापन केली.

कालांतराने स्पर्धेचे क्षेत्र विस्तारले. नागपूर, कोल्हापूर इ. ठिकाणी केंद्रे निघाली व त्यांच्या विजेत्यांसाठी महाअंतिम फेरी सुरू झाली. पुण्याचे शैक्षणिक क्षेत्रही पेठांच्या परिसरापुरते राहिले नाही. २०२१ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीसारख्या, पूर्वी गाव असलेल्या भागात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. अशा नव्या महाविद्यालयांना जुन्यांसारखा माजी विद्यार्थ्यांचा वारसा नसतो. तो त्यांना प्रयोगागणिक घडवावा लागतो.

निष्ठा आणि गुणवत्ता यांतील ताण २०२२ मध्ये विशेष जाणवला. त्या वर्षी एकही एकांकिका करंडकास पात्र नाही, असा निर्णय परीक्षकांनी दिला. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले व त्यावर मोठी चर्चा झाली. विद्यार्थ्यांच्या श्रमांचा हा अव्हेर आहे, असे काहींचे मत पडले. उलट करंडकाची प्रतिष्ठा राखण्यासाठी हे आवश्यक होते, असे इतरांनी प्रतिपादिले. कोणाचा आवाज मोठा, यापेक्षा कोणाचा प्रयोग सकस, हाच या चुरशीचा अंतिम निकष होय, हे या प्रसंगाने अधोरेखित केले.