घरातील फळा आणि वैज्ञानिकाची मराठी

शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिताना आपल्याकडे एक ठराविक विभागणी केली जाते. शोध, पदे व सन्मान यांना मुख्य प्रकरणे मिळतात आणि घराची बोळवण अखेरच्या परिच्छेदात होते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्या चरित्रास ही विभागणी लावल्यास त्यांच्या मराठी लेखनाचा उलगडा होत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

त्यांचे बाह्य चरित्र सर्वश्रुत आहे. 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात जन्म, बालपण बनारसला, 1957 साली केम्ब्रिज, 1964 मध्ये फ्रेड हॉईल यांच्यासह मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, 1972 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन, 1988 साली पुण्यात ‘आयुका’चे संस्थापक-संचालकपद व 2003 मध्ये त्यातून निवृत्ती. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या क्रमात मराठी कोठे आहे? बनारसच्या शाळेतील माध्यम हिंदी होते आणि पुढील पंधरा वर्षे इंग्लंडमध्ये गेली. मराठीची शाळा त्यांना लाभली ती घरीच. वडील विष्णु वासुदेव हे गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरातील भिंतींवर वडिलांनी मुलांसाठी फळे बसविले होते. शिक्षणासाठी राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांवर भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत, अथवा भाचा हार मानीपर्यंत, पुसले जात नसे. विद्या आणि घरगुती बोलणे यांत भिंत नसणे, हा संस्कार येथला होय.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन हे नाव रचले होते. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली. कथेस पहिले पारितोषिक मिळाले. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील या घटनेचे हस्तलिखित एका गणितज्ञ गृहिणीच्या अक्षरात होते, ही बाब गौण मानता येणार नाही.

मंगलाबाईंचा भाषाविचारही याच घरातला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष असताना, 2019 साली, दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ हे वाचन आले आणि मोठा वाद झाला. मराठी संख्यानामात एकक आधी उच्चारला जातो, अंकलेखनात दशक आधी येतो. ही विसंगती भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ठाऊक असते, परंतु ती मुलाची अडचण म्हणून मांडण्यास मुलांजवळ बसून गणित शिकवावे लागते. त्यांनी सुचविलेला उपाय मान्य असो वा नसो, प्रश्न खरा होता. 2023 मध्ये त्या निवर्तल्या.

नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्रास ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे नाव दिले. त्यास 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ज्याचा अभ्यासविषय अखिल विश्व, त्याने आपले आयुष्य मोजले ते वास्तव्याच्या गावांनी. चरित्रकारानेही हा संकेत घ्यावा. अशा जीवनात कुटुंब हे परिशिष्ट नसून कारण असते, आणि कारणांचा शोध घेणे हेच इतिहासाचे काम आहे.