तोळाभर चांदी, सोळा पेन्स

मुंबई, २७ जून १८९३. तुम्ही फोर्टात टाऊन हॉलजवळच्या टांकसाळीच्या फाटकाशी उभे आहात. मागे हमालाच्या डोक्यावर चांदीच्या लगडी आहेत. तुम्हाला काळजी नाही, कारण १८३५ पासूनचा रिवाजच आहे: कोणीही चांदी आणावी, शेकडा दोन रुपये टांकणावळ द्यावी आणि कलदार रुपये मोजून न्यावेत. रुपया म्हणजे तरी काय? तोळाभर वजनाचं नाणं, त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी.

कारकून मान हलवतो. काल सिमल्याला कायदा झाला. लोकांच्या चांदीचे रुपये आता पाडून मिळायचे नाहीत. सोनं आणलंत तर घेऊ, एका सॉव्हरिनला, म्हणजे सोन्याच्या एका पौंडाला, १५ रुपये. म्हणजे रुपयाला १६ पेन्स.

तुम्ही लगडी घेऊन झवेरी बाजाराकडे वळता. वाटेत पेढ्यापेढ्यांवर हुंडणावळीची, म्हणजे रुपया-पौंडाच्या दराचीच चर्चा ऐकू येते, आणि तिच्यामागे वीस वर्षांची घसरण आहे. जर्मनीने सोन्याचं चलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली. फ्रान्स आणि त्याच्या शेजाऱ्यांनी चांदीची नाणी लोकांना पाडून देणं थांबवलं. अमेरिकेत नेव्हाडाच्या खाणींतून चांदी येतच राहिली. पौंड सोन्याचा, रुपया चांदीचा. तेव्हा चांदी पडली की रुपया पडणारच. १८७१-७२ मध्ये रुपयाला २३ पेन्स मिळत होते, १८९२-९३ मध्ये जेमतेम १५.

हे कोणाला बोचतं ते पाहायचं तर लंडनला चला आणि बुधवार गाठा. बँक ऑफ इंग्लंडमध्ये भारतमंत्र्यांच्या कौन्सिल बिलांची विक्री चालली आहे. व्यापारी इथे पौंड भरतात आणि कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या सरकारी खजिन्यातून रुपये उचलायची हुंडी घेऊन जातात. त्या पौंडांतून पेन्शनी, कर्जावरचं व्याज, रेल्वेच्या भांडवलाची हमी असा इंग्लंडमधला खर्च भागतो: वर्षाला दीड कोटी पौंडांहून अधिक. पौंडाला दहा रुपये पडत होते तेव्हा याला पंधरा कोटी रुपये पुरत. सोळा पडू लागल्यावर चोवीस कोटीही अपुरे. हा वाढलेला बोजा हिंदुस्थानच्या सारा-करांवर पडला. घरी पैसे धाडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र सरकारने १८९३ मध्येच हुंडणावळीचा भत्ता मंजूर केला.

असा भत्ता ज्यांना कधीच मिळाला नाही त्यांच्यात जाऊन बसा. १८९६-९७ चा दुष्काळ. सोलापूरकडच्या एका पेठेत सराफाच्या ओट्यावर एक बाई तोडे सोडून ठेवते.

“तोळ्याला दहा-अकरा आणे पडतील, बाई.”

“माज्या लग्नात तोळ्याला रुपाया हुता की, शेटजी!”

सराफ खोटं बोलत नाही. टांकसाळ उघडी होती तोवर चांदी आणि रुपया यांचे भाव एकमेकांना धरून होते. आता रुपया कायद्याने वर उचलला गेला आणि घराघरातली चांदी खालीच राहिली. सारा आणि सावकाराचं व्याज त्या महागलेल्या रुपयांतच भरायचं. १८९३ च्या कायद्याचा सगळ्यात कठोर परिणाम मला इथे दिसतो. सोळा पेन्सचा दर गाठण्याची किंमत त्या बाईच्या तोड्यांतून वसूल झाली.

तीस वर्षं पुढे या. महायुद्धात चांदी भडकली, पुढे रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला. १९२० मध्ये सरकारने दोन शिलिंगांचा दर धरायचा प्रयत्न केला आणि वर्षभरात तो कोसळला. १९२३ मध्ये लंडनला एक पुस्तक निघतं, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. लेखक आहेत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेले भीमराव आंबेडकर. ते वाचायला घ्या. उतरलेल्या दराने देशाचा फायदा होतो, या समजुतीची ते चिरफाड करतात. किमती वाढतात, मजुरी मागे राहते. तेव्हा हा फायदा परदेशातून येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

१९२६-२७ ची मुंबई याच प्रश्नावर भांडते आहे. चलनाचा विचार करायला नेमलेला हिल्टन यंग आयोग म्हणतो, रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे अठरा पेन्स. आयोगातले पुरुषोत्तमदास ठाकुरदास आपलं भिन्नमत नोंदवतात: १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे जुनेच सोळा. कापूस-बाजारात उभे राहून हिशेब करा. पौंडभर किमतीचा कापूस परदेशी विकला तर जुन्या दराने १५ रुपये येतात, नव्याने १३ रुपये ५ आणे ४ पै. साऱ्यात मात्र एक पैही कमी होत नाही, आणि लँकेशायरचं कापड तेवढंच स्वस्त होऊन मुंबईच्या गिरण्यांशी झुंजतं. ठाकुरदासांचा हा मुद्दा बिनतोड आहे, आणि मजुरीबद्दलचा आंबेडकरांचा प्रश्नही तितकाच खरा. मार्च १९२७ मध्ये सरकारने अठरा पेन्सचा कायदा थोडक्या मतांनी निभावून नेला.

स्वातंत्र्यानंतरही तोच दर राहिला. ६ जून १९६६ ला पौंड २१ रुपयांचा झाला, तोवर तो १३ रुपये ५ आणे ४ पैंच्या हिशेबानेच चालला. म्हणून परतताना १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत थांबा आणि कोणत्याही बँकेत डॉलरचा भाव विचारा. पौंडाच्या याच दरावरून हिशेब करून ३ रुपये ५ आण्यांच्या आसपास सांगतील. स्वातंत्र्याच्या दिवशी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हा फोनवर दर ऑगस्टला येणारा मजकूर कृपा करून पुढे पाठवू नका.