थोरल्या मुलांचें पुढारपण

पुढारपण म्हणजे हुकूम सोडणें, अशी समजूत लोकांत रूढ आहे. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें असल्यास डॉ. मारिया माँटेसरी यांच्या बालगृहांचा इतिहास आम्हांस फार उपयोगी वाटतो.

इ. स. १९०७ च्या जानेवारीच्या ६ तारखेस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. चाळींतील आईबाप दिवसभर कामास जात व शाळेचें वय न झालेलीं मुलें मागें राहत. अशीं सुमारें ५० मुलें एकाच ठिकाणीं जमविण्यांत आलीं. तीन वर्षांचें पोर व सहा वर्षांचें मूल शेजारीं-शेजारीं काम करूं लागलीं.

पुढें ३ ते ६, ६ ते ९ अशा वयांचीं मुलें एकत्र ठेवण्याचा या पद्धतींत नियमच झाला. प्रत्येक साधन वर्गांत एकच असतें. म्हणून थोरल्यासही आपली पाळी येईपर्यंत थांबावें लागतें. धाकटें मूल बटण लावतांना अडखळलें, तर थोरलें एकदां सावकाश लावून दाखवितें व हात मागें घेतें. सर्व कांहीं स्वतःच उरकून टाकणारा मुलगा साहाय्य करीत नाहीं. तो धाकट्याचें शिकणें हिरावून घेतो. शिवाय हा थोरला कांहीं वर्षांपूर्वीं तेथेंच धाकटा होता, हेंही विसरतां येत नाहीं.

डॉ. माँटेसरी १९३९ सालीं मद्रासेस आल्या. त्यांच्या हिंदुस्थानांतील व्याख्यानांवरून सिद्ध झालेला ‘दि अ‍ॅब्सॉर्बंट माइंड’ हा ग्रंथ १९४९ सालीं तेथेंच प्रसिद्ध झाला. मुलांची वयवार विभागणी कृत्रिम होय, असें मत त्यांत स्पष्ट मांडलें आहे.

परंतु थोरलीच्या कडेवर धाकटें दिलें म्हणजे ती पुढारी झाली, असें नव्हे. गरीब घरांत तें ओझेंच होय. माँटेसरी पद्धतीच्या अभ्यासक ताराबाई मोडक यांनीं १९५७ सालीं आपलें कार्य डहाणूजवळील कोसबाड येथें नेलें. भावंडें सांभाळण्यापायीं आदिवासी मुली शाळेस मुकत. म्हणून तेथें पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत ठेवण्यांत आलीं. धाकटें जवळच सुरक्षित राहिल्यानें थोरलीचे हात पाटीसाठीं मोकळे झाले.

आमच्या मतें या इतिहासाचें सार हेंच कीं, ज्यास स्वतःचें काम आहे तोच दुसऱ्यास खरा हात देऊं शकतो. घरीं थोरल्यास ‘धाकट्याला सांभाळ’ असें सांगतांना त्याच्या पाटी-पुस्तकास वेळ उरतो कीं नाहीं, हें प्रत्येक आईबापांनीं आपल्या मनास विचारावें.